मातीचा श्वास मोजून नत्राचा अंदाज: जेलपट्टी, कॉस्टिकची बरणी की अवरक्त सेन्सर?

माती परीक्षणाच्या अहवालात ‘उपलब्ध नत्र’ या रकान्यात जो आकडा असतो, तो बहुतेक वेळा रसायनाने ओरबाडून काढलेला असतो. अल्कधर्मी परमँगनेटची पद्धत घ्या (सुब्बय्या आणि असिजा, 1956). 20 ग्रॅम माती, 0.32 टक्के परमँगनेट आणि 2.5 टक्के कॉस्टिक सोडा एकत्र उकळायचं आणि जेवढा अमोनिया निघेल तेवढं नत्र ‘उपलब्ध’ धरायचं. काही प्रयोगशाळा तेवढंही करत नाहीत, सेंद्रिय कर्बाच्या टक्केवारीवरून रकाना भरून मोकळ्या होतात. पिकाला मात्र नत्र परमँगनेट देत नाही. ते सूक्ष्मजीव देतात, तेही ओल आणि ऊब मिळाली तर.

म्हणून मातीचा श्वास मोजायचा. वाळलेली माती पुन्हा भिजवली की सूक्ष्मजीव एकदम जागे होतात, मेलेल्या भाऊबंदांवर आणि मोकळ्या झालेल्या सेंद्रिय पदार्थावर तुटून पडतात आणि कार्बन डायऑक्साइडचा लोंढा सुटतो. मृदाशास्त्रज्ञ बर्च यांनी 1958 मध्ये यावर सविस्तर लिहिलं, तेव्हापासून याला बर्च परिणाम म्हणतात. हा लोंढा जितका मोठा, तितकं हंगामात सुटणारं नत्र जास्त, असा या चाचणीमागचा हिशेब. तो बराचसा खरा आहे. कुठे खोटा ठरतो ते पुढे येईलच.

लोंढा मोजायची तीन साधनं आज मिळतात: रंग बदलणारी जेलपट्टी, कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात वायू शोषून केलेलं टायट्रेशन (उरलेलं कॉस्टिक मारायला किती आम्ल लागतं ते मोजणं) आणि अवरक्त किरणांवर चालणारा सेन्सर. आमचा कौल आधीच सांगून टाकतो. एका शेताची दुसऱ्या शेताशी नुसती तुलना हवी असेल तर जेलपट्टी पुरते. आकड्यावर खताचा निर्णय घ्यायचा असेल तर कॉस्टिकची बरणी. सेन्सर चांगला आहे, पण बाजारात सर्रास मिळणारे सेन्सर या कामाचे नाहीत. साधन कोणतंही घ्या, माती नीट तयार केली नसेल तर तिघंही सारखंच खोटं बोलतात.

माती तयार करणं: निम्म्या चुका इथेच

नमुना 0 ते 10 सेंटीमीटर खोलीचा घ्यावा. जैविक हालचाल वरच्या थरात एकवटलेली असते, नांगरट न केलेल्या रानात तर फारच. काही टोचे 10 सेंटीमीटरचे आणि काही 20 चे असले की खालची थंड माती मिसळून आकडा पडतो आणि दोष साधनाला लागतो. एका नमुन्यासाठी 15 ते 20 ठिकाणची माती एकत्र करा. खत पडलेली ओळ, जनावरांची बसायची जागा, बांधाकडेचा पट्टा टाळा.

शेणखत किंवा युरिया नुकता टाकला असेल तर थांबा. नुकताच चुना टाकलेल्या रानात ही चाचणी करूच नका. चुन्यातला कार्बोनेट आम्लाशी भिडून वायू सोडतो आणि जिवाणूंनी न केलेलं काम त्यांच्या खात्यावर जमा होतं.

वाळवण 55 अंश सेल्सिअसला तीन दिवस. अमेरिकेच्या कृषी संशोधन सेवेतले अ‍ॅलन फ्रान्झलुबर्स यांनी रूढ केलेली ही पद्धत आम्हाला सर्वांत पटते, कारण तिच्यात प्रत्येक पायरीला आकडा आहे. ‘सावलीत वाळवा’ या सूचनेत आकडा नसतो. दमट हवेत सावलीत वाळलेल्या मातीत ओल राहते, जिवाणू अर्धवट जागेच राहतात आणि भिजवल्यावरचा लोंढा छोटा येतो. याउलट 105 अंशांच्या भट्टीत घातली तर जिवाणू भाजून निघतात आणि सेंद्रिय पदार्थ करपतो. त्यानंतर जे मोजाल ते त्या शेताचं नसतं.

चाळणी 4.75 मिलिमीटरची. ढेकळं हाताने किंवा लाकडी दांड्याने हलके फोडा, गिरणीत दळू नका. दळलं की कणांच्या आत दडलेला सेंद्रिय पदार्थ उघडा पडतो आणि आकडा फुगतो. शिवाय पिठासारखी माती भिजल्यावर तिचा चिखल होऊन वर पापुद्रा धरतो आणि हवा आत जात नाही. मुळं, काडीकचरा, अळ्या चिमट्याने काढा. 50 ग्रॅम मातीतली बोटभर ओली मुळी बरणीतल्या सगळ्या जिवाणूंना भारी पडू शकते.

आता पाणी. भिजवायचं ते वाफशापर्यंत. चाचणीच्या भाषेत, मातीतल्या पोकळीचा निम्मा भाग पाण्याने भरेल इतकं. हे डोळ्याने करायचं काम नव्हे. 50 ग्रॅम माती पेल्यात घालून दोन-तीनदा हलकेच ठोका आणि तिने किती घनफळ व्यापलं ते पाहा. समजा 40 घन सेंटीमीटर. घनता झाली 1.25. मातीच्या कणांची घनता 2.65 धरली तर पोकळी 53 टक्के, म्हणजे 21 मिली. त्याच्या निम्मं 10.5 मिली. एवढंच पाणी पिपेटने थेंब-थेंब सगळीकडे सोडा. वालुकामय मातीला याहून कमी लागेल, चिकण मातीला जास्त. प्रत्येक मातीचा हिशेब वेगळा करायला अर्धा तास जातो आणि हाच अर्धा तास वाचवायच्या नादात बहुतेक निकाल बिघडतात. पाणी जास्त झालं की ऑक्सिजन कणांपर्यंत पोचत नाही, वायू कमी सुटतो आणि सर्वांत जिवंत रान सर्वांत मेलेलं दिसतं.

तापमान 25 अंश, चाचणीभर. मातीचा श्वास दर 10 अंशांना साधारण दुप्पट होतो. त्या हिशेबाने 22 अंशांच्या खोलीत आकडा एक पंचमांशाने कमी येईल आणि 30 अंशांच्या खोलीत 40 टक्क्यांनी जास्त. उबवणपेटी नसेल तर थर्माकोलचा खोका, आत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या आणि थर्मोस्टॅट लावलेला छोटा बल्ब एवढ्यावर भागतं. पण तापमापी आत हवाच आणि त्यावर कमाल-किमान नोंद हवी. रात्री तापमान उतरलं होतं का, हे सकाळी डोकावून कळत नाही.

जेलपट्टीचा संच

या प्रकारातलं सर्वांत परिचित नाव सॉल्विटा. विल ब्रिंटन यांच्या प्रयोगशाळेतून आलेली ही पद्धत अमेरिकी मृदाशास्त्रज्ञ रिक हॅनी यांनी आपल्या मृदा-आरोग्य चाचणीत (‘हॅनी चाचणी’) घेतली आणि ती सगळीकडे पोचली. प्लॅस्टिकच्या पट्टीच्या टोकाला जेलचा चौकोन असतो. बरणीत भिजवलेली माती, शेजारी पट्टी, झाकण बंद, 24 तास. वायू शोषला जाईल तसा जेलचा रंग निळ्याकडून पिवळ्याकडे सरकतो. साध्या आवृत्तीत तो रंगतक्त्यावर डोळ्यांनी जुळवायचा, चांगल्या आवृत्तीत वाचकयंत्रात पट्टी खोचली की आकडा मिळतो.

हिची जमेची बाजू उघड आहे. आम्ल नाही, कॉस्टिक नाही, काचसामान नाही, हात भाजत नाही. दिवसाला तीस-चाळीस नमुने एक माणूस सहज हाताळतो. हॅनी, ब्रिंटन आणि इव्हान्स यांनी 2008 मध्ये जेल, टायट्रेशन आणि अवरक्त यंत्र या तिघांची तुलना प्रसिद्ध केली, तेव्हा तिन्हींचे आकडे एकमेकांशी चांगले जुळले होते. त्यांतले एक लेखक जेलचे जनकच आहेत हे वाचताना लक्षात ठेवावं, पण जुळणी खरी आहे.

अडचण येते ती मोजपट्टीच्या वरच्या टोकाला. जेलच्या रंगाचं आणि वायूच्या प्रमाणाचं नातं सरळ रेषेत नाही. खालच्या टप्प्यात अर्ध्या रंगाचा फरक थोड्या मिलिग्रॅमांचा असतो, वरच्या टप्प्यात तेवढाच फरक खूप मिलिग्रॅमांचा. त्यामुळे कसदार, भरपूर सेंद्रिय खत खाल्लेल्या दोन रानांमध्ये पट्टी नीट भेद करत नाही. नेमकं तिथेच खत कमी करण्याचा प्रश्न असतो. डोळ्यांनी रंग जुळवण्याची आवृत्ती तर शिकवण्यापुरती ठीक. ट्यूबलाइटखाली आणि खिडकीपाशी तीच पट्टी दोन वेगळे आकडे दाखवते.

दुसरी खोच भिजवण्याची. काही कार्यपद्धतींत मातीचा पेला खालून छिद्रांचा असतो आणि पाणी बरणीच्या तळातून आपोआप वर चढतं. वालुकामय मातीला हे चालतं. फुगणारी काळी चिकण माती मात्र गरजेपेक्षा कितीतरी जास्त पाणी पिते, छिद्रं बुजतात आणि आकडा कोसळतो. संच घेतलात तरी पाणी वरून, हिशेबाने घाला. एकदा ठरवलेली पद्धत बदलू मात्र नका, कारण खालून भिजवलेल्या आणि वरून भिजवलेल्या निकालांची तुलना होत नाही.

पट्टीचं पाकीट मातीवर पाणी पडल्यानंतरच फोडा. आधी फोडून टेबलावर ठेवलेली पट्टी खोलीतल्या माणसांचा श्वास मोजत बसते. मुदत संपलेल्या पट्टीचं जेल आक्रसलेलं, कडा सुटलेलं दिसतं. अशी पट्टी वाचकयंत्र मुकाट्याने वाचतं आणि आकडाही देतं, म्हणून पट्टी खोचण्याआधी डोळ्यांनी बघणं सोडू नये.

कॉस्टिकची बरणी

दिसायला सर्वांत जुनाट, पण विश्वासाला सर्वांत खरी. एक लिटरची रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची काचेची बरणी घ्या. आत तीन भांडी: 50 ग्रॅम वाळलेली माती आणि हिशेबाचं पाणी असलेला पेला, 1 मोलर (लिटरमागे एक मोल) सोडियम हायड्रॉक्साइडचं, म्हणजेच कॉस्टिक सोड्याचं, 10 मिली द्रावण असलेली कुपी आणि हवा दमट राहावी म्हणून 10 मिली पाण्याची कुपी. झाकण लावा, 25 अंशांना तीन दिवस. सोबत प्रत्येक खेपेला माती नसलेल्या निदान दोन कोऱ्या बरण्या.

तीन दिवसांनी कुपी काढा आणि ताबडतोब बूच लावा. 1 मोलर बेरियम क्लोराइडचं 5 मिली द्रावण घाला. शोषलेला वायू बेरियम कार्बोनेटचा पांढरा साका होऊन बाजूला पडतो. फिनॉल्फ्थेलिनचे दोन-तीन थेंब टाका, गुलाबी रंग येईल. आता 1 मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाने गुलाबी जाऊन दुधी पांढरं होईपर्यंत टायट्रेट करा. चुंबकी ढवळणी हवीच. आम्ल भराभर सोडलं की ते जिथे पडतं तिथला साका विरघळतो, पकडलेला वायू निसटतो आणि आम्ल जास्त लागून माती आहे त्यापेक्षा सुस्त दिसते. शेवटच्या अर्ध्या मिलीत थेंब पडला की गुलाबी क्षणभर जाऊन परत येते. ती परत येणं थांबेपर्यंत घाई करू नका.

हिशेब सरळ आहे. कोऱ्या बरणीला लागलेल्या आम्लातून नमुन्याला लागलेलं वजा करा, आम्लाच्या तीव्रतेने गुणा, 6000 ने गुणा, मातीच्या ग्रॅमने भागा. कोऱ्याला 9.8 मिली आणि नमुन्याला 8.1 मिली लागलं, तर 1.7 × 1 × 6000 ÷ 50 = 204. म्हणजे तीन दिवसांत किलोमागे 204 मिलिग्रॅम कर्ब वायुरूपात सुटला.

याच सूत्रातून चूक कुठे महागात पडते तेही दिसतं. आम्लाचा एक थेंब, 0.05 मिली, म्हणजे किलोमागे 6 मिलिग्रॅम. हे सोसतं. पण कॉस्टिक मोजनळीने ओतताना 0.2 मिलीचा फरक पडला तर 24 मिलिग्रॅमची चूक झाली आणि ती कोणालाच दिसत नाही. म्हणून कॉस्टिक 10 मिलीच्या ठरावीक पिपेटनेच घ्या, सगळ्या बरण्यांना तीच पिपेट. कॉस्टिक नेमकं 1 मोलर आहे की 0.97, याने फारसं बिघडत नाही, कारण कोरी बरणी तो फरक पोटात घेते. आम्ल मात्र वाळवलेल्या सोडियम कार्बोनेटवर तपासून घेतलेलं असावं. हलक्या रानांसाठी आम्ल 0.5 मोलरचं करा, थेंबाची चूक निम्म्यावर येते. किंवा एका बरणीत मातीचे दोन पेले ठेवा.

दोन पेले ठेवताना कॉस्टिक पुरेल का, तेही पाहा. 10 मिली 1 मोलर द्रावण जास्तीत जास्त 60 मिलिग्रॅम कर्ब धरतं. 100 ग्रॅम मातीने किलोमागे 400 दिले तर 40 मिलिग्रॅम झाले, दोन तृतीयांश भरलं. त्यापुढे शोषण मंदावतं. नमुन्याला लागलेलं 1 मोलर आम्ल 3 मिलीच्या खाली गेलं की तो निकाल बाद धरा आणि माती निम्मी घेऊन पुन्हा करा. बरणीतला ऑक्सिजन पुरतो. वरच्या उदाहरणातल्या 50 ग्रॅम मातीने तीन दिवसांत सुमारे 20 मिली ऑक्सिजन वापरला आणि एका लिटर बरणीत तो दोनशेच्या आसपास असतो.

बरणी गळते का, हे कळायला एक सोपी युक्ती आहे. फारच कमी लोक ती करतात याचं नवल वाटतं. 4.2 ग्रॅम खाण्याचा सोडा 100 मिली पाण्यात ताजा विरघळवा. त्यातले 2 मिली, म्हणजे 84 मिलिग्रॅम सोडा, छोट्या कुपीत घ्या. ती कुपी सायट्रिक आम्लाचं द्रावण असलेल्या पेल्यात उभी ठेवा, शेजारी नेहमीची कॉस्टिकची कुपी. झाकण घट्ट लावून बरणी जरा तिरकी करा, म्हणजे सोड्याची कुपी आम्लात आडवी होईल. कॉस्टिक सांडू देऊ नका. 24 तासांनी टायट्रेशनमध्ये कोऱ्यापेक्षा बरोबर 2.0 मिली आम्ल कमी लागलं पाहिजे. 1.6 आलं तर झाकणातलं रबर गेलं. व्हिनेगर वापरू नका, त्याची वाफ स्वतःच कॉस्टिकमध्ये जाऊन बसते.

या पद्धतीचे तोटेही कमी नाहीत. कॉस्टिकचा शिंतोडा डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, त्यामुळे चष्मा सक्तीचा. बेरियम क्लोराइड विषारी आहे, पिपेट तोंडाने ओढायची नाही. कॉस्टिकच्या बाटलीचं झाकण उघडं राहिलं की आठवड्यात कोऱ्या बरणीचा आकडा घसरू लागतो. आणि सवय झालेला माणूस नसेल तर दिवसात बारा-पंधरा टायट्रेशनच्या पुढे हात थरथरतो. तरी, जो निकाल वर्षभराने पुन्हा काढून जुळवायचा आहे, त्यासाठी आम्ही हीच निवडू.

अवरक्त सेन्सर

बरणीतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड किती टक्के झाला ते सेन्सर थेट सांगतो. काचसामानाची कटकट नाही. गणित एकदाच समजून घ्या. एक लिटर बरणीत माती ठेवून 950 मिली हवा उरली आणि वायू 1 टक्का झाला, तर तो 9.5 मिली. 25 अंशांना 24.5 मिलीत एक मिलिमोल, म्हणजे 0.39 मिलिमोल, म्हणजे साधारण 4.65 मिलिग्रॅम कर्ब. 50 ग्रॅम मातीला किलोमागे 93.

आता खोलीतली हवा तपासणारा सेन्सर घेतला, तर त्याची मर्यादा बहुधा 2,000 ते 5,000 भाग प्रति दशलक्ष, म्हणजे फार तर अर्धा टक्का. बरी माती तो काही तासांत ओलांडते आणि पुढे आकडा गोठून बसतो. या कामाला 5 टक्क्यांपर्यंत मोजणारा सेन्सर पाहिजे. घेताना माहितीपत्रकात एवढी एकच ओळ शोधली तरी पुरे. दुसरा त्रास दवाचा. बंद बरणीतली दमट हवा सेन्सरच्या काचेवर धुकं धरते आणि आकडा भरकटतो. सेन्सर बरणीत कोंडण्यापेक्षा झाकणातल्या रबरी बुचातून सिरिंजने हवा ओढून तपासणं बरं.

चुनखडीयुक्त, सामू (पीएच) 7.5 च्या वरच्या मातीत सेन्सर आणि जेल दोन्ही कमी दाखवतात. सुटलेल्या वायूचा काही भाग मातीतल्या पाण्यात बायकार्बोनेट होऊन बसतो, हवेत येतच नाही. कॉस्टिक हवेतला वायू सतत खेचत असल्याने तिथे हा घोटाळा कमी. अशी रानं तपासायची असतील तर निवड इथेच संपली.

कर्ब दिसतो, नत्र नाही

तिन्ही साधनं कर्ब मोजतात. त्यावरून नत्र किती, हे अनुमान आहे आणि त्याला एक मोठी मेख आहे.

समजा कुजणाऱ्या 100 भाग कर्बापैकी 40 भाग जिवाणूंच्या अंगी लागतात आणि 60 भाग वायू होऊन उडतात. जिवाणूंच्या अंगात कर्ब आणि नत्र साधारण 8 ला 1, म्हणजे त्या 40 भागांसाठी 5 भाग नत्र लागणार. कोवळं द्विदल हिरवळीचं खत गाडलं असेल आणि त्यात कर्ब-नत्र 12 ला 1 असेल, तर 100 भागांसोबत 8.3 भाग नत्र आलं. 5 जिवाणूंनी घेतलं, 3.3 पिकाला सुटलं. मक्याची ताटं गाडली असतील, 50 ला 1, तर आलं फक्त 2. उरलेलं 3 जिवाणू मातीतून उचलतात आणि पीक पिवळं पडतं. बरणीत मात्र दोन्हीकडे वायू 60 च. पट्टी दोन्ही रानांना सारखाच शेरा देणार.

म्हणून मळणीनंतर काड गाडलेल्या रानाचा नमुना लगेच घेऊ नये. ताजं काड नसलेल्या, त्याच पीकपद्धतीत बरीच वर्षं असलेल्या रानांत मात्र कर्ब आणि नत्र हातात हात घालून चालतात. फ्रान्झलुबर्स यांना मक्याच्या शेतप्रयोगांत श्वास जास्त तिथे नत्रखताची गरज कमी, असं नातं दिसलं. त्याच अमेरिकेत मध्यपश्चिमेच्या आठ राज्यांत हॅनी चाचणी मक्यावर तपासली, तेव्हा खताच्या योग्य मात्रेशी तिचा संबंध कमजोर निघाला (2018). यात फारसा विरोध नाही. एका पट्ट्यात बसवलेलं सूत्र दुसऱ्या हवामानात, दुसऱ्या मातीत नेलं की ते ढिलं पडणारच. श्वासाच्या आकड्यासमोर परस्पर हेक्टरी किलो नत्र छापून देणारा अहवाल आला, तर ते सूत्र कोणत्या मातीवर बसवलंय हे आधी विचारा.

नत्र थेट मोजायचंच असेल तर

त्याच बरणीचा पुढे उपयोग होतो. तीन दिवसांनी ती बंद करून 24 दिवसांपर्यंत उबवा, मध्ये दोनदा उघडून हवा द्या आणि वजन करून उडालेलं पाणी भरा. सुरुवातीच्या वाळलेल्या मातीतलं आणि शेवटच्या मातीतलं नायट्रेट व अमोनियम मोजा, फरक म्हणजे सुटलेलं नत्र. प्रयोगशाळेत यासाठी 2 मोलर पोटॅशियम क्लोराइडने अर्क काढतात. घरगुती पातळीवर नायट्रेटच्या रंगपट्ट्या चालतात. 20 ग्रॅम माती, 0.01 मोलर कॅल्शियम क्लोराइड 100 मिली, अर्धा तास हलवा, गाळा, पट्टी बुडवा. पट्टीवरच्या नायट्रेटच्या आकड्याला 5 ने गुणून 4.43 ने भागलं की किलोमागे मिलिग्रॅम नत्र. उदाहरणार्थ सुरुवातीला 20 आणि शेवटी 60 आलं, तर 22.6 वरून 67.7, फरक 45. शेवटची माती ओली असते, तेव्हा वजन कोरड्या मातीच्या हिशेबाने धरा. आम्लधर्मी मातीत अमोनियमचं नायट्रेट व्हायला वेळ लागतो. तिथे नुसती नायट्रेटची पट्टी नत्र कमी सांगेल.

घाई असेल तर वॉरिंग आणि ब्रेम्नर (1964) यांच्या पद्धतीवर बेतलेली पाण्याखालची उबवण आहे. 5 ग्रॅम माती, 12.5 मिली पाणी, परीक्षानळी बूच लावून 40 अंशांना सात दिवस, मग अमोनियम मोजायचं आणि सुरुवातीचं वजा करायचं. इथे पाण्याच्या हिशेबाची भानगड नाही आणि मोजतो ते नत्रच. बूच उघडताना वास येतो एवढं सोसावं. नळीत हवेची मोठी जागा सोडली तर मात्र पद्धतच मोडते.

45 मिलिग्रॅमचे हेक्टरी किलो करायचे तर 10 सेंटीमीटर थर आणि 1.3 घनतेला हेक्टरी 1300 टन माती भरते. 1.3 ने गुणा, 58.5 किलो. हे सलग वाफशात, सलग 25 अंशांत मिळालेले किलो. रानात आठवडा कोरडा गेला की हा कारखाना बंद असतो आणि मुसळधार पावसात सुटलेलं नायट्रेट मुळांखाली जातं. पहिल्या हंगामात यातल्या निम्म्याहून जास्त वजावट खतातून करू नये, असं आमचं मत. सोबत त्याच रानात एक पट्टा बिननत्राचा, एक पूर्ण मात्रेचा आणि मध्ये दोन मात्रांचे ठेवा. शेजारच्या पट्ट्याचं खत उडून येऊ नये इतकी रुंदी द्या. काढणीला पट्ट्यांचं वजन आणि पेरणीआधीचा बरणीचा आकडा एकाच वहीत, एकाच ओळीत लिहा. अशा नोंदी जमल्या की त्या रानापुरतं सूत्र तुमचं तुम्हालाच बसवता येतं.

टायट्रेशन झाल्यावरचं बेरियमचं पाणी मोरीत ओतायचं नाही. एका डब्यात साठवा आणि त्यात सोडियम सल्फेट घाला. विरघळलेलं बेरियम सल्फेटच्या रूपात खाली बसेल. वरच्या पाण्यात सल्फेटचे आणखी दोन थेंब टाकून ते गढूळ होत नाही ना ते पाहा, मगच ते वेगळं करा. साका मात्र रासायनिक कचऱ्यातच द्या, कारण त्यातलं बेरियम कार्बोनेट विषारीच राहतं. बरण्या साबणाने धुतल्या तर शेवटी साध्या पाण्याने चारदा खंगाळा आणि झाकणातलं रबर काढून वेगळं वाळवा. ओल्या रबराखाली बुरशी धरते आणि पुढच्या खेपेला कोरी बरणीही श्वास घेऊ लागते.